टक्का शेवटी बोला: म्युझिक कंपनीशी रॉयल्टी ठरवण्याची पायरी-पायरीची रीत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या रेकॉर्डिंग रूमवर लोक करार घेऊन येतात ते बहुतेक सही झाल्यावर. गीतकार असतात, शाहीर असतात, जोतिबाची गाणी गाणाऱ्या मुली असतात, हलगी-घुमक्याचे ट्रॅक बनवणारी पोरं असतात. सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकानं एकच. मुंबईहून फोन आला, यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती टक्के देणार?" पलीकडून उत्तर आलं, "पन्नास." पोरगं खूश. सही झाली. दीड वर्षानं मेलवर हिशोब आला आणि देय रकमेच्या रकान्यात शून्य.

त्या पन्नासमध्ये खोटं काही नव्हतं. कशाचे पन्नास, कधीपर्यंत आणि काय वजा केल्यावर, एवढं विचारायचं राहिलं होतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत टक्क्याचा नंबर सहावा आहे. क्रम बदलू नका. घाई असेल तर एखादी पायरी थोडक्यात उरका, पण उडी मारू नका.

उदाहरणं गाण्याची घेतली आहेत. चित्रकार आणि फोटोग्राफरांना बराचसा भाग लागू पडेल, पण मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची किंवा चित्राची मालकी वेगळं ठरलं नसेल तर सांगणाऱ्याकडे जाते. त्यांनी ते काम सुरू करण्याआधीच लिहून घ्यावं.

१. गाण्याचे तुकडे पाडा

"माझं गाणं" हा शब्द बोलणीत वापरूच नका. कायद्याच्या नजरेत एका गाण्यात निदान चार वेगळे हक्क असतात.

शब्द गीतकाराचे. चाल संगीतकाराची. या दोन्हींवरचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तिसरं ध्वनिमुद्रण, ज्याला आपण मास्टर म्हणतो. ते घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली त्या निर्मात्याचं ते असतं आणि हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. चौथा हक्क सादर करणाऱ्यांचा, म्हणजे गायक आणि वादकांचा, ५० वर्षांचा.

आता कागद घ्या आणि प्रत्येक हक्कापुढे नाव लिहा. इथंच पहिली गफलत सापडते. चाल मित्राची असते, स्टुडिओचं भाडं भावजींनी भरलेलं असतं, कोरसला तालमीतली चार पोरं उभी केलेली असतात, आणि कंपनीला मात्र "सगळं माझंच आहे" असं लिहून दिलेलं असतं.

पाकीट दिलं म्हणजे हक्क विकत घेतला, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. तुम्ही कुणाचे पगारी नोकर नसाल आणि कुणी ५ हजार रुपये हातावर ठेवून गाणं लिहून घेतलं असेल, तर त्या पैशानं शब्दांची मालकी हलत नाही. त्यासाठी सही केलेला लेखी कागद लागतो. हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. तुम्ही ढोलकीवाल्याला पाकीट दिलं असेल तर त्याच्याकडूनही एक पानी लेखी संमती घ्या.

सावध: गोंधळाची, भलरीची किंवा जात्यावरच्या ओवीची पारंपरिक चाल घेतली असेल तर ती "पारंपरिक" म्हणूनच नोंदवा. नवी रचना, नवे शब्द आणि तुमचं ध्वनिमुद्रण एवढंच तुमचं. पारंपरिक चाल स्वतःच्या नावावर दाखवून कंपनीला दिली आणि पुढं दुसऱ्या कुणी हरकत घेतली, तर हमीच्या कलमाखाली भरपाई तुमच्याकडून मागतात.

२. कंपनीला उत्तर देण्याआधी कागद जमवा

फोन आल्यावर "हो, पाठवा मेल" एवढंच म्हणा आणि आठवडाभराची मुदत मागून घ्या. या आठवड्यात तीन कामं करायची.

पहिलं, वाटणीपत्र. गीतकार, संगीतकार, गायक, निर्माता यांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा, तारीख आणि सह्या. वकिलाची भाषा लागत नाही, वहीचं पान चालतं. खरं तर हे रेकॉर्डिंगच्या संध्याकाळीच व्हायला हवं. गाणं चालल्यावर वाटणीपत्र करायला बसलेले दोघे दोस्त परत एका कट्ट्यावर बसलेले मी फारसे पाहिले नाहीत.

दुसरं, पुरावा. पहिल्या चालीची व्हॉइस नोट, शब्दांचा फोटो, स्टुडिओची पावती, प्रोजेक्ट फाइल हे सगळं फोनबाहेर एका जागी उतरवून ठेवा. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. पण वाद झाला तर तो कागद मोलाचा ठरतो. शब्दांच्या किंवा चालीच्या एका कृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि प्रमाणपत्र त्यानंतर. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो, तो जपा.

तिसरं काम लोक हटकून विसरतात: कॉपीराइट संस्थेचं, म्हणजे सदस्यांची रॉयल्टी वसूल करून त्यांना वाटणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायक-वादकांसाठी इसाम्रा. सदस्य होताना तुम्ही काही ठरावीक हक्क संस्थेकडे सोपवता. ते एकदा सोपवले की त्याच्या विरोधात जाणारं पुढचं हस्तांतरण कायद्यानं टिकत नाही. म्हणजे सदस्यत्व आधी आणि कंपनीची सही नंतर, असा क्रम ठेवला तर कंपनीला तो भाग मागताच येत नाही. उलट क्रमानं गेलात तर जे आधीच देऊन बसलात त्यावर संस्था तुमच्यासाठी काय वसूल करणार?

तपासा: तुमच्या नावाचं स्पेलिंग पॅन कार्ड, बँक खातं, संस्थेचं सदस्यत्व आणि यूट्यूब-स्पॉटिफायवरची नोंद या चारही ठिकाणी एकच आहे का? आणि ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक तुमच्याकडे लिहिलेला आहे का?

३. स्वतःचा आकडा काढा

कंपनी किती देते हे ऐकण्याआधी गाणं तुमच्या हाताशी राहिलं तर किती कमावेल, हे तुम्हाला ठाऊक पाहिजे. तो आकडा नसेल तर समोरचा जो बोलेल तो मोठाच वाटतो.

चॅनेल तुमचं असेल तर पूर्ण बारा महिन्यांची कमाई काढा. एका महिन्यावरून अंदाज बांधू नका, आपल्या भागातल्या गाण्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. जोतिबाचं गाणं चैत्र यात्रेच्या महिन्यात जे देतं ते श्रावणात देत नाही. अंबाबाईचं गाणं नवरात्रात उसळतं आणि दिवाळीनंतर झोपतं.

समजा वर्षाची कमाई ४८ हजार आहे. पुढची वर्षं उतरती धरा, दर वर्षी चौथा हिस्सा कमी: ४८, ३६, २७, साधारण २०, १५. पाच वर्षांचे झाले सुमारे १ लाख ४६ हजार. आता कंपनी "४० हजार रोख, कायमचं" म्हणाली तर ती रक्कम कुठं बसते ते दिसतं. कधी कधी ४० हजार आजच हवे असतात, घरात आजारपण असतं, मुलीची फी भरायची असते. तेव्हा घ्या, त्यात कमीपणा नाही. पण काय सोडून घेताय ते माहीत असू द्या, आणि सहाव्या पायरीत सांगितलंय ते सोडू नका.

कागदावर तीन आकडे लिहा. याखाली उठून यायचं तो, मिळाला तर समाधान वाटेल तो, आणि सुरुवातीला मागायचा तो. हा कागद खिशात ठेवा. पहिला आकडा व्हॉट्सअॅपवर कुणालाही पाठवू नका. कोल्हापूर गाव म्हणून मोठं असेल, पण वाद्यवृंदाच्या ग्रुपवर पडलेला आकडा संध्याकाळपर्यंत मुंबईला पोचतो.

नकार देण्याची ताकद पर्यायातून येते. वितरण सेवेमार्फत गाणं स्वतःच सगळ्या प्लॅटफॉर्मवर टाकता येतं, हा पर्याय आधी चौकशी करून तयार ठेवा. अगदी त्याचा दरही लिहून ठेवा.

४. नेमकं काय मागताहेत ते ओळखा

कराराच्या मथळ्यावर जाऊ नका. वर "लायसन्स अॅग्रीमेंट" आणि आत तिसऱ्या कलमात "असाइन्स अँड ट्रान्सफर्स" असे करार माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

प्रकार तीन. विक्री म्हणजे असाइनमेंट: घर विकल्यासारखं. परवाना म्हणजे लायसन्स: भाड्यानं दिल्यासारखं, मुदत संपली की परत. त्यातही एकट्यालाच दिलेला आणि अनेकांना देता येणारा असे दोन पोटप्रकार आहेत. तिसरं वितरण: ते फक्त माल पोचवतात आणि आपला वाटा कापून उरलेले पैसे देतात, मालकी तुमचीच.

"असाइन", "ट्रान्सफर", "सेल", "परपेच्युअल" (कायमचं), "इर्रिव्होकेबल" (मागं न घेता येणारं) हे शब्द पीडीएफमध्ये शोधून पिवळे करा. विक्रीचा दर आणि परवान्याचा दर एकच असूच शकत नाही. रंकाळ्याजवळची खोली भाड्यानं देताना तुम्ही विक्रीची किंमत सांगता का? मग विकताना भाडं का सांगता?

पहिल्या पायरीत पाडलेले चारही तुकडे मागितलेत का, तेही बघा. कंपनीला खरी गरज बहुतेक वेळा मास्टरची असते. शब्द आणि चाल सोबत ओढली जाते, कारण कुणी हरकत घेत नाही.

५. टक्क्याआधीची कलमं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि खरे पैसे इथंच जातात. इंग्रजी अवघड वाटलं तर मुलाला, शेजारच्या मास्तरांना बसवा, पण प्रत्येक ओळीचं मराठी वहीत लिहून काढा. अॅपमध्ये भाषांतर करून वर-वर चाळणं आणि स्वतःच्या हातानं लिहिणं यात फरक पडतो, हात अडखळतो तिथंच प्रश्न असतो.

मुदत आणि प्रदेश. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. म्हणूनच कंपन्या दोन्ही लिहितात, आणि भरभरून लिहितात: "परपेच्युइटी" आणि "थ्रूआउट द युनिव्हर्स". गाणं अजून आंब्याच्या घाटाखाली उतरलेलं नसतं, करारात ब्रह्मांड असतं. मागणी अशी ठेवा: पाच वर्षं, पुढं दोघांच्या लेखी संमतीनं वाढ. ते दहा म्हणाले तर सातवर थांबता येतं. "कायमचं" या शब्दाला मात्र वेगळी किंमत मागा.

न वापरलेले हक्क. हक्क घेऊन कंपनीनं वर्षभरात वापरले नाहीत तर ते हस्तांतरण संपलं असं कायदा धरतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून शेवटच्या पानांवर एक ओळ शोधा: कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मधली पोटकलमं ४, ५ आणि ६ लागू होणार नाहीत. तीन आकडे, एवढ्यात तुमची सगळी सोय उडालेली असते. ही ओळ काढायला सांगा. काढत नसतील तर "१८ महिन्यांत प्रकाशित न केल्यास सर्व हक्क आपोआप परत" असं वाक्य बदल्यात घ्या.

माध्यमं. करार झाला तेव्हा जो वापर अस्तित्वात नव्हता किंवा व्यापारात नव्हता, तो करारात स्पष्ट नमूद असल्याशिवाय दिलेल्या हक्कांत येत नाही. तेव्हा "सर्व माध्यमं" याऐवजी यादी मागा: स्ट्रीमिंग, यूट्यूब, रील, कॉलर ट्यून, जाहिरात, चित्रपट. जाहिरात आणि चित्रपट यांसाठी दर वेळी वेगळी परवानगी लागेल असं लिहून घ्या. निवडणुकीच्या प्रचारालाही. आवाजावरून कृत्रिम आवाज बनवणं किंवा गाणं यंत्राला शिकवण्यासाठी वापरणं आता करारांत दिसू लागलंय, ते नको असेल तर "नाही" असंच लिहा. कराराचं मौन तुमच्या बाजूनं वाचलं जाईल याची खात्री नसते.

गाणी एकत्र बांधणं. पाच गाण्यांचा करार असेल तर बघा, एका गाण्याचा तोटा दुसऱ्याच्या कमाईतून वळता करण्याची मुभा आहे का. असेल तर चाललेलं एक गाणं न चाललेल्या चारांची उधारी फेडत बसतं. प्रत्येक गाण्याचा हिशोब वेगळा, हे वाक्य आग्रहानं घाला.

हमी आणि भरपाई. गाणं तुमचंच आहे अशी हमी कंपनी लिहून घेते, तिथं "माझ्या माहितीप्रमाणे" हे दोन शब्द घालून घ्या आणि भरपाईची मर्यादा मिळालेल्या रकमेएवढी ठेवा. पूर्ण अमर्याद भरपाई लिहून देऊ नका, राहतं घर अडकतं.

श्रेय. हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि कृतीची नालस्ती होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क तुमच्याकडं राहतो. तरीही नाव कुठं, कसं, कोणत्या स्पेलिंगनं हे लिहा. यूट्यूबच्या वर्णनात तिसऱ्या ओळीच्या आत, असं लिहिलं तरी चालतं.

वाद कुठं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला सुरू आहे, म्हणून "आता आपलं कोर्ट दारात" असं लोक म्हणतात. पण करारात गुरुग्रामला लवाद लिहिलेला असेल तर हिशोबाच्या वादात दारातलं कोर्ट फारसं उपयोगी पडत नाही. तुमच्या हक्काचं उल्लंघन झालं तर कॉपीराइट कायदा तुम्हाला राहत्या जिल्ह्यात दावा लावू देतो. रॉयल्टी थकली हा मात्र कराराचा वाद, तिथं कलमात लिहिलेली जागा महत्त्वाची. कोल्हापूर मागा. नाही तर निदान मुंबई, किंवा ऑनलाइन सुनावणी.

तपासा: वहीत प्रत्येक कलमापुढे "ठीक", "बदला" किंवा "नको" लिहून झालं का? "नको" तीनपेक्षा जास्त नसावेत. सगळ्यालाच नको म्हटलं तर पलीकडचा माणूस फाइल बंद करतो.

६. आता टक्का

आधी जे बोलणीचा विषयच नाही ते. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही. कंपनीबरोबर समसमान वाटणीनं रॉयल्टी मिळण्याचा हा हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. चित्रपटगृहात सिनेमासोबत गाणं वाजलं तर तो अपवाद. बाकी ठिकाणी "एकरकमी घेतले, यापुढे कसलीही रॉयल्टी मागणार नाही" असं लिहून दिलंत तरी तेवढा भाग टिकत नाही. ज्यांनी असं आधीच लिहून दिलंय, त्यांनी २१ जून २०१२ नंतरचे करार पुन्हा काढून बघावेत. गायकांचंही तसंच: चित्रपटासाठी संमती दिली असली तरी व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात आहे.

म्हणून करारात एक वाक्य हवंच: संस्थेमार्फत मिळणारी रॉयल्टी या कराराच्या बाहेर आहे आणि ती आगाऊ रकमेतून वळती केली जाणार नाही.

मास्टरच्या कमाईतला वाटा हा खरा बोलणीचा भाग. तिथं कायद्यानं ठरवलेला दर नाही. लोक विचारतात, स्ट्रीमिंगवाल्यांशीच दर का ठरवू नये? रेडिओ आणि टीव्हीसाठी कायद्यात ठरावीक दराच्या परवान्याची सोय आहे. इंटरनेट स्ट्रीमिंगला ती लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिला. म्हणजे प्लॅटफॉर्मला हक्कदाराशी बोलूनच दर ठरवावा लागतो, आणि ते बोलणं मोठ्या कंपनीचं होतं. तुमचं टेबल कंपनीसमोर आहे.

आता गणित. कंपनीला तुमच्या गाण्यापोटी १ लाख रुपये आले समजा.

करार पहिला: "निव्वळ उत्पन्नाचे ५० टक्के". आधी वितरण शुल्क २० टक्के गेले, राहिले ८० हजार. जाहिरातीचा खर्च ४० हजार दाखवला, राहिले ४०. त्याचे निम्मे, तुम्हाला २० हजार.

करार दुसरा: "कंपनीला मिळालेल्या एकूण रकमेचे ३० टक्के". तुम्हाला ३० हजार.

तीस मोठे निघाले. पहिल्या करारात जाहिरातीचा खर्च ८० हजार दाखवला असता तर तुमच्या हाती भोपळा. त्या मेलवरचं शून्य यातूनच येतं.

तेव्हा मागणी या क्रमानं करा. आधी "एकूण" हा शब्द. तो मिळत नसेल तर वजावटींची बंद यादी, "इत्यादी" न लिहिता. मग खर्चाला कमाल मर्यादा, म्हणजे जाहिरातीची वजावट मिळकतीच्या अमुक टक्क्यांवर जाणार नाही. मग टक्का. आणि टक्क्यात अडलं तर पायऱ्या मागा: ठरावीक रकमेपर्यंत तीस, त्यापुढं चाळीस. कंपनीला हे पटतं, कारण गाणं चाललं तरच जास्त द्यावं लागतं.

आगाऊ रक्कम घेताना दोन वेगळे प्रश्न आहेत. ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होणार का? बहुतेक हो. गाणं नाही चाललं तर परत द्यावी लागणार का? याचं उत्तर "नाही" असंच लिहून हवं.

सावध: "प्रचलित धोरणानुसार" रॉयल्टी असं लिहिलं असेल तर तो दर नाहीच. रॉयल्टी किती आणि कशी हे करारात नमूद करणं कायद्याला अपेक्षित आहे.

७. बोलणी

एकदा मी स्वतः माती खाल्लीय ती सांगतो. एका मोठ्या कंपनीचा माणूस स्टुडिओत आला होता, गोड बोलणारा. चहा येईपर्यंत मी माझा आकडा सांगून मोकळा झालो. तो हसून म्हणाला, "चालेल की, दादा." एवढ्या पटकन चालेल म्हणाला तेव्हाच कळलं, दुप्पट मागितले असते तरी चाललं असतं. चहा मात्र चांगला झाला होता.

बोलणी मेलवर ठेवा. फोनवर झालं तर त्याच संध्याकाळी मेल टाका: "आज दुपारी आपलं बोलणं झालं त्यानुसार मुदत सात वर्षं, प्रदेश भारत, वजावट फक्त वितरण शुल्क. यात काही चुकलं असेल तर कळवावं." उत्तर नाही आलं तरी तुमच्या हाती तारीख राहते.

तुमच्याशी बोलणारा आणि ठरवणारा माणूस बहुतेक वेगळे असतात. बोलणाऱ्याला गाणं हवं असतं, कायदा विभागाला फॉर्म बदलायचा नसतो. बोलणाऱ्याशी भांडू नका, त्याला आत मांडायला कारणं द्या. "सर, हे स्टँडर्ड अॅग्रीमेंट आहे, सगळे सही करतात," हे वाक्य येणारच. त्यावर: "मुख्य करार तसाच राहू दे, माझे चार मुद्दे पुरवणी म्हणून जोडा." मूळ फॉर्मला हात न लावता पुरवणी जोडणं त्यांना सोपं पडतं, आणि पुरवणीत "विसंगती असल्यास पुरवणी ग्राह्य" ही ओळ घातली की काम होतं.

एक देताना एक घ्या. त्यांना गाणं एकट्यालाच हवं? मग मुदत कमी. मुदत जास्त हवी? मग "एकूण" रकमेवर टक्का. फुकट सोडलेला मुद्दा समोरच्याच्या लक्षातही राहत नाही.

वेळ हेही हत्यार आहे. जोतिबाच्या गाण्याचा फोन फाल्गुनात आला तर घाई त्यांना असते, चैत्र पौर्णिमेच्या आधी गाणं लागायला हवं असतं. तेव्हा ताणा, पण आठ-दहा दिवस. पौर्णिमा उलटली की तेच गाणं पुढच्या वर्षाचं होतं आणि दर पडतो.

वकील कधी? पूर्ण बोलणीसाठी परवडत नसेल तर सहीआधी एकदा वाचून लेखी मत घ्या, आणि तुमची पिवळी केलेली प्रत आणि वही घेऊन जा, तासाचं काम वीस मिनिटांत होतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत सल्ल्याची सोय आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

८. सहीच्या दिवशी

कार्यक्रमात, सत्काराच्या व्यासपीठावर, गाडीच्या बॉनेटवर सही करू नका. घरी बसा.

शेवटच्या मसुद्याची तुमच्या वहीशी ओळ-ओळ तुलना करा. "फायनल" म्हणून आलेल्या फाइलमध्ये जुनी कलमं परत आलेली असतात. दर वेळी लबाडीच असते असं नाही, चुकीची फाइलही जोडली जाते. फळ तेच.

गाण्यांची यादी परिशिष्टात नावानिशी हवी. "आणि भविष्यातील सर्व कृती" असं असेल तर खोडा. प्रत्येक पानावर दोघांची सही, आणि कंपनीची सही झालेली प्रत तुमच्या हातात. "पाठवतो" म्हणून न आलेली प्रत हा सगळ्यात सामान्य घोटाळा आहे. ती येईपर्यंत मास्टरची मूळ फाइल देऊ नका, ऐकायला हलकी एमपीथ्री पुरते.

पैशाचं: रॉयल्टीवर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नाही तर २० टक्के. तो कर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावे दिसतो का ते बघा, विवरणपत्र भरून परत मागता येतो. संगीतकारानं चालीचा हक्क म्युझिक कंपनीला दिला तर त्यावरचा जीएसटी उलट आकारणीनं कंपनी भरते. तुमच्या वाट्यातून तो कापायचा नसतो.

९. पहिला हिशोब आल्यावर

करारात हिशोबाची वारंवारता आणि तपासणीचा हक्क घेतला असेल अशी आशा आहे: दर तीन किंवा सहा महिन्यांनी हिशोब, त्यानंतर ४५ दिवसांत पैसे, वर्षातून एकदा वह्या तपासायची मुभा, आणि ठरावीक टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर तपासणीचा खर्च कंपनीचा.

हिशोब आला की बेरजेकडं नंतर बघा. आधी गाण्याचं नाव आणि आयएसआरसी जुळतो का ते बघा, चुकीच्या क्रमांकामुळं पैसे दुसऱ्याच्या खात्यात साठत राहतात. मग प्लॅटफॉर्मची यादी: गाणं जिथं वाजतंय हे तुम्हाला दिसतं, तो प्लॅटफॉर्म यादीत आहे का? मग वजावट, पुरवणीतल्या यादीबाहेरचं काही कापलंय का? शेवटी आगाऊ रकमेतली किती फिटली.

हरकतीला करारात मुदत असते, ती उलटली की हिशोब मान्य केला असं धरतात. पहिल्या हिशोबाच्या दिवशीच ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं टाका. तफावत दिसली तर फोन करू नका. रकान्याचं नाव, आलेला आकडा, अपेक्षित आकडा आणि कराराचं कलम अशा चार ओळींचा मेल टाका आणि पंधरा दिवसांत उत्तर मागा. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर तोच मजकूर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती करारासोबत त्याच फाइलमध्ये लावा.